जावयांचा कोपरा

आमच्या डेपोत समुद्र नाही, पण बंदर आहे. ट्रकवाले कंटेनर आणून टाकतात, आम्ही ते यार्डात एकावर एक रचतो आणि मालगाडी आली की गाडीवर चढवतो. गाडी ते जहाजापर्यंत नेते. आम्ही कंटेनरला डबा म्हणतो. कुठला डबा कुठे ठेवायचा हे मी ठरवते. यार्ड सुपरवायझर आहे मी, आणि माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही.

आता जावयांचा कोपरा म्हणजे काय ते ऐका. ऑफिसला लागून, खिडकीतून दिसेल अशी एक जागा आहे. ज्या डब्यासाठी कुणीतरी शब्द टाकलाय, तो डबा तिकडे. "आपल्याच माणसाचा आहे, जरा लक्ष असू द्या," असा फोन आला की आम्ही त्याला चारचौघांत ठेवत नाही. साध्या रांगा गाडीच्या क्रमाने लावलेल्या असतात, गाडी लागली की भराभर रिकाम्या होतात. कोपऱ्यात क्रम नसतो, मान असतो. जो शेवटी येतो तो सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. वर आमच्या डेपोच्या साहेबांचा नियम असा, की कोपऱ्यातला डबा हलवायचा तर ज्याने शब्द टाकला त्याला विचारून हलवायचा. नाहीतर त्याला राग येतो.

इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण कोपऱ्यातल्या डब्यांना कधी घाईच नसायची. ज्याला खरी घाई असते, त्याला ओळखी काढत बसायला वेळ कुठे असतो?

घाई होती माझ्या धाकट्या बहिणीला. तिचा खुर्च्यांचा कारखाना आहे. कारखाना कसला, एक पत्र्याची शेड आणि हात चांगला असलेले सुतार. परदेशातल्या एका नव्या नाट्यगृहाने तिला खुर्च्यांची ऑर्डर दिली होती. उद्घाटनाची तारीख ठरलेली, जहाज ठरलेलं. ते जहाज चुकलं तर ऑर्डर रद्द, आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या टाकू, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि ऑर्डर गेली तर शेडला कुलूप. ती सगळा माल ट्रकनेच बंदरावर पाठवणार होती. मीच तिच्या मागे लागले. "सख्खी बहीण इथे बसलीय, आणि तू हायवेवर कुणाच्या भरवशावर माल सोडतेस? आण इकडे. आणि लवकर आण, मी जागा धरून ठेवते."

ती शहाण्यासारखी लवकर घेऊन आली. मी तिचा डबा मोठ्या दिमाखात कोपऱ्यात ठेवला. सगळ्यात खाली, जमिनीवर, अगदी सुरक्षित. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, "आज धाकटीचं काम केलं हो."

मग पुढचे दिवस जावई येतच राहिले. तिच्या डब्यावर आधी बसला माझ्या नवऱ्याच्या मित्राचा डबा. त्यालाही शब्द माझाच. त्यावर साहेबांच्या मेव्हण्याच्या फरश्या, शब्द त्याचा स्वतःचाच. त्याच्यावर कुणा पुढाऱ्याच्या भाच्याची जिममधली यंत्रं. मी सुट्टीवर नव्हते, समोरच होते. मला वाटलं, असू दे, गाडी लागली की काढू.

गाडी लागली. साध्या रांगांतले डबे चढू लागले. कोपऱ्यासाठी मी फोन घेऊन बसले. पुढाऱ्याचा माणूस म्हणाला, आमचे साहेब मीटिंगमध्ये आहेत. मेव्हणे फोनच उचलेनात. नवऱ्याच्या मित्राच्या डब्याला मी स्वतःच परवानगी देऊ शकत होते, ती मी लगेच दिली. पण तो डबा दोघांच्या खाली. माझं डोकं असं फिरलं म्हणता!

तेवढ्यात एक साबणवाला ट्रक घेऊन धापा टाकत आला. अगदी शेवटच्या घटकेला. कुणाची ओळख नाही, पाळख नाही. यार्डात न्यायला वेळ नव्हता, म्हणून पैलवानाने, म्हणजे आमच्या क्रेनवाल्याने, त्याचा डबा ट्रकवरून उचलून थेट गाडीवर ठेवला. साबणवाला "थँक्यू हं ताई" म्हणून गेलासुद्धा.

आता मात्र मी नियमाला हात जोडले. "पैलवान, उचल ते वरचं धूड!"

"ताई, विचारलंय ना?"

"मी सांगतेय ना! उचल म्हणते तर!"

त्याने यंत्रांचा डबा उचलून बाजूला ठेवला. फरश्यांच्या डब्याला क्रेन लावली आणि साहेब ऑफिसातून अक्षरशः धावत आले. खिडकीतून दिसावा म्हणून ठेवलेला कोपरा, तो नेमका दिसला. "अहो, काय करताय? मेव्हण्याने पाहिलं तर घरी माझी काय अवस्था होईल?" मी भांडले. घसा फाटेस्तोवर भांडले. शेवटी साहेब म्हणाले, "बरं, त्याला एकदा फोन लावून बघतो." ते फोन लावत होते आणि गार्डने शिट्टी दिली. गाडीला कुणाचाच शब्द लागत नव्हता. सिग्नल मिळाला, ती निघाली.

धाकटी कुंपणापाशी उभी होती. खुर्च्या निघताना बघायला आली होती बिचारी. एकेक डबा पुढून जात होता आणि ती नंबर वाचत होती. शेवटचा गेला तशी तिने माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्याकडे बोट केलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"ट्रकने?" तिने विचारलं.

"डबा काढून ट्रक मिळेस्तोवर तुझ्या जहाजासाठी बंदराचं गेट बंद होईल गं. नाही पोचणार."

तिने फोन काढून शेडमध्ये लावला. "पुढच्या खेपेचं पॉलिश थांबवा," एवढंच म्हणाली. पलीकडून कुणीतरी बराच वेळ काहीतरी विचारत होतं. ती नुसती "हो, हो" करत राहिली.

साहेब फोन खिशात घालत आले. मेव्हण्याने उचलला होता म्हणे, त्याची काही हरकत नव्हती. मग धाकटीला म्हणाले, "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. पुढच्या वेळी तुमचा डबा मी जातीने बघतो. माझा शब्द आहे."

तिने त्यांना नमस्कार केला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तो साबणवाला तुझा कोण?"

"कुणीच नाही गं."

"मग पुढे कधी माल पाठवायची वेळ आलीच," ती म्हणाली, "तर मीही तुझी कुणीच नाही असं समज."