अजिंठ्याच्या साहेबाचा भाड्याचा कोट

शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. सिडकोतल्या एका खासगी शाळेचं मैदान, स्नेहसंमेलनाचा मंच. तिथं जे घडलं ते मी जवळून पाहिलं, कारण मी साहेबाच्या अंगावर होतो. मी लाल कोट. भाड्यानं जातो.

साहेब म्हणजे जॉन स्मिथ, मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी. १८१९ साली वाघाच्या मागावर निघाला आणि त्यानं अजिंठ्याची लेणी शोधली, असं सगळे सांगतात. मीही बरीच वर्षं ते खरं धरून चाललो. आता मला त्या गोष्टीचा संशय येतो.

माझा जन्म काही साहेबासाठी झाला नाही. फकिरा नावाच्या बँडवाल्यानं मला गुलमंडीत शिवून घेतलं. पितळी गुंड्या, खांद्यावर सोनेरी झालर, पाठीवर जरीनं त्याच्या बँडचं नाव. वराती गाजवल्या मी. पुढं डीजे आला, फकिराचा बँड मोडला आणि त्यानं मला कडूबाईच्या दुकानात विकलं. कडूबाई नाटकाचे पोशाख भाड्यानं देते. तिनं पाठीवरची जर उसवली, पण सुईची भोकं राहिली. म्हणून मला घालणाऱ्या प्रत्येक पोराला ती बजावते, "पब्लिककडं पाठ करू नको रे बाबा, साहेबाचा बँड होईल."

या शाळेत दरवर्षी 'अजिंठ्याचा शोध' ही नाटिका होते. साहेबाचं काम संस्थेच्या अध्यक्षांच्या, तात्यासाहेबांच्या, घरातल्या मुलाला मिळतं. सोबत एक वाटाड्या असतो. हे काम ज्याच्यासाठी कुणी पोशाख भाड्यानं आणू शकत नाही त्याला देतात, कारण वाटाड्याला घोंगडी पुरते आणि घोंगडी घरून येते. त्याला वाक्य एकच, "सायब, तिकडं लेणी हायेत." मग साहेब "मी शोधलं!" म्हणतो, पुठ्ठ्याच्या भिंतीवर खडूनं नाव लिहितो आणि टाळ्या पडतात. मी इतकी वर्षं त्या टाळ्या अंगावर घेतल्या. दाखवणाऱ्यानं दाखवलं, मग यानं शोधलं काय? हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

यंदा तो दीपमाला मॅडमना सुचला. त्या सोयगावकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे नोकरी दरवर्षी तात्यासाहेबांच्या मर्जीवर. त्यांनी वाचनालयातून एक ऐतिहासिक कादंबरी आणली होती. त्यात हीच शिकार वाटाड्याच्या तोंडून सांगितली होती आणि त्याला नाव होतं, कडुबा. मॅडमनी नाटिकेत दोन वाक्यं वाढवली. साहेब विचारतो, "तुझं नाव काय?" वाटाड्या म्हणतो, "कडुबा." साहेब झाला तात्यासाहेबांचा नातू ऋतुराज. वाटाड्या झाली सातवीतली मोनाली.

महिनाभर तालीम झाली. शेवटच्या तालमीला मला आणलं होतं, तेव्हा तात्यासाहेब आले.

"हा कडुबा कुठून काढला, मॅडम?"

"कादंबरीत आहे, सर."

"कादंबरी म्हणजे थापा. पुरावा दाखवा."

"वाघाचा पुरावा आहे का, सर? त्याला तर आपण दरवर्षी शेपटासकट आणतो."

पोरं फिस्सकन हसली. तात्यासाहेब हसले नाहीत.

"लेण्यांजवळच्या गावाचं नाव लेणापूर," मॅडम म्हणाल्या. "ते काय साहेबानं ठेवलं?"

"तुम्हाला जूनमध्ये यायचंय ना शाळेत? मग कडुबा काढा."

मॅडमनी दोन्ही वाक्यं खोडली. मला त्यांचा राग आला, पण खरं सांगतो, त्या कादंबरीवरही माझा पूर्ण भरवसा नव्हता. लिहिणाऱ्याला नाव बनवावं लागलं, म्हणजे खरं त्यालाही सापडलं नव्हतं.

आता त्या शनिवारकडं येतो. मोनालीनं बोट दाखवलं, "सायब, तिकडं लेणी हायेत." ऋतुराजनं पाऊल टाकलं, थांबला आणि महिनाभराच्या सवयीनं बोलून गेला, "तुझं नाव काय?"

मोनालीचं उत्तर तर खोडलेलं होतं. तिनं विंगेत पाहिलं. मॅडम तिथंच होत्या. ओठ हलवले असते तरी पुरलं असतं. त्यांनी हलवले नाहीत. लोकांना वाटलं पोरगी वाक्य विसरली. कुणी शिट्टी मारली. "सांग की गं, लाजती काय!"

गोंधळलेल्या ऋतुराजनं खडू उचलला आणि भिंतीवरच्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर साहेबाचं नाव लिहायला लागला. खडू करकरला. पुढच्या सतरंजीवर मोनालीची आजी आवडाबाई बसली होती. ती ताडकन उठली.

"आरं ए! बुद्धाच्या अंगावर काय गिरवतो? पुस अगुदर!"

"आजी, नाटक आहे," कुणीतरी म्हणालं.

"नाटक व्हय? मंग खरं कुठं लिव्हलंय त्यानं?"

"तिथंच. लेण्यात," विंगेतून मॅडम म्हणाल्या.

आवडाबाई खाली बसली नाही. ऋतुराजनं बाहीनं, म्हणजे माझ्याच बाहीनं, ते नाव पुसलं. घाईत त्यानं लोकांकडं पाठ केली. माझी भोकं सगळ्यांनी पाहिली. पण कुणी हसलं नाही.

सोमवारी ऋतुराजसोबत मला परत करायला शाळेचा शिपाई आला. "दीपमाला मॅडमना जूनपास्नं नको म्हणलंय," तो कडूबाईला म्हणाला. ऋतुराज खाली मान घालून उभा होता. "वाक्य खोडल्याचं मीच विसरलो होतो," तो म्हणाला. हे तो आजोबांना का बोलला नाही, ते मला माहीत नाही.

आता मी खिळ्याला आहे. बाहीवर पांढरा डाग आहे, कडूबाईनं अजून धुतला नाही. पुढच्या वर्षी मला न्यायला याल, तर एवढंच करा. साहेबासाठी टाळ्या वाजवायच्या आधी घोंगडीवाल्याला त्याचं नाव विचारा.

आज लेण्यात कुणी भिंतीवर नाव कोरलं तर पोलीस येतात. दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर जॉन स्मिथचं नाव, पलटण आणि एप्रिल १८१९ ही तारीख कोरलेली आहे. त्याला वाट कुणी दाखवली, त्याचं नाव त्या भिंतीवर नाही.