परतीचा रेनकोट

मी एक जुना रेनकोट आहे, मित्रांनो. कागदावर मात्र माझ्यापुढे कायम 'नवीन' असंच लिहिलं जायचं. माणसांनी माझ्याशी जी लबाडी केली ती त्या एका शब्दात मावते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझा रंग नारिंगी. कापड दुहेरी, शिवणींवर आतून पट्टी, डोक्याला टोपी. कारखान्यात शिवणाऱ्या बाईने शेवटचा दोरा तोडला, मला झटकलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा ढगफुटीत पण माणूस कोरडा ठेवील बघ." जन्मभरात ऐकलेलं ते पहिलं कौतुक. ते मी शिदोरीसारखं बांधून घेतलं. मग माझ्या कॉलरला प्लॅस्टिकच्या दोऱ्याने पुठ्ठ्याचा टॅग अडकवला गेला. मला वाटलं, हे माझं नाव. निघालं माझं दावं.

भिवंडीजवळ वडपे नावाचं गाव आहे. तिथे पूर्वी भात पिकायचा, आता गोदामं पिकतात. लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू तिथून घरोघर जातात आणि नकोशा झाल्या की तिथेच परत येतात. मीही गेलो आणि आलो. एका साहेबाने टॅग मानेमागे आत खोचून मला घातलं, धबधब्यापुढे उभं राहून फोटो काढले आणि 'साइज लहान' असं कळवून परत धाडलं. दुसऱ्याने मला सहलभर मिरवलं आणि 'रंग आवडला नाही' म्हणाला. परत पाठवताना त्याने माझ्या खिशात चघळलेलं च्युइंगम ठेवलं. फळीवर माझ्या एका बाजूला हळदीचा डाग पडलेली शेरवानी होती. ती म्हणे नवरदेवाला लग्न झाल्यावर बसेना. दुसऱ्या बाजूला बूट होते, 'कधीच न घातलेले', तळव्यांत चिखल घेऊन बसलेले. आम्ही सगळे नवीन. एकमेकांचे वास घेत पडून असायचो.

आणि मग मला कल्पेशने मागवलं.

कल्पेश वडप्याचाच. ज्या गोदामात मी पडलो होतो ते त्याच्या वडिलांच्या, तुळशीरामांच्या, शेतावर उभं आहे. भाडं येतं, दारात गाडी आहे, गळ्यात बोटाएवढी साखळी आहे. म्हणजे ह्या माणसाला एक रेनकोट जड नव्हता. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीची चव काही औरच, असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटायचं.

"टॅग काढू नको हां," तो बायकोला म्हणाला. "रविवारी गुमतारा किल्ल्यावर जाऊ, सोमवारी परत द्यायचाय."

"मग घेतलात कशाला?" मनिषाने विचारलं.

"फोटोला."

कल्पेशची धाकटी बहीण रीमाही यायला निघाली. तिला दमा आहे. सगळा पावसाळा तिने खिडकीतून बघून काढला होता. आईने नको नको म्हटलं, पण रीमाने छातीशी दम्याचा पंप धरून दाखवला आणि म्हणाली, "हा हाय ना सोबत. मना पण डोंगर बगायचाय."

दिवस परतीच्या पावसाचे होते. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर कधी काय होईल त्याचा नेम नाही. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दुगाड गावाच्या मागून तिघे चढायला लागले. त्या उन्हात कल्पेशने मला घातलं होतं आणि माझ्या आत तो घामाने न्हात होता. दर वळणावर फोटो. वेफर्स खाऊन पाकीट कारवीच्या झुडपांत भिरकावलं आणि तेलकट बोटं माझ्या अस्तराला पुसली, बाहेरून दिसू नये म्हणून आतल्या बाजूला. मी गिळलं. टॅग मानेला टोचायचा तेव्हा तो मला हलकेच थोपटायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय माया.

माथा जवळ आला तसं आभाळ काळं झालं. वसईच्या बाजूने गडगडाट येऊ लागला. पहिले थेंब पडले ते बोराएवढे.

मित्रांनो, आता जे झालं त्याची मला आजही शिसारी येते. माझा खरा दिवस उजाडला होता. ज्यासाठी मला बेतलं, शिवलं, तो पाऊस आला होता. आणि कल्पेशने घाईघाईने मला अंगातून काढलं, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं, पिशवी सॅकमध्ये आणि सॅक पोटाशी. पाऊस पडू लागला म्हणून रेनकोट आत.

तेवढ्यात समोरच्या सुळक्यावर वीज पडली. उजेड आणि आवाज एकदमच आले. तिघे उघड्या कातळावरून धडपडत खाली उतरले आणि बुटक्या कारवीत उकिडवे बसले. वारा असा, की पाऊस आडवा येत होता. सॅकमधून मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. थोड्या वेळाने एक नवाच आवाज ऐकू आला. बारीक शिट्टीसारखा. तो रीमाच्या छातीतून येत होता.

तिने पंप ओढला. शिट्टी थांबली नाही. दात वाजत होते.

"ती गारठली," मनिषा म्हणाली. "तिला रेनकोट द्या."

"थांबंल गं पाऊस, पाच मिनटांत."

"रेनकोट भिजंल म्हणून त्याला पिशवीत घालनारा मानूस पयल्यांदा बगितला मी. उद्या छत्रीवर छत्री धराल."

"चिखल लागला तर परत घेनार न्हाईत."

"दादा," रीमा म्हणाली. मग श्वास घेतला. "थंडी." पुन्हा श्वास. "वाजते."

"बग," कल्पेश मनिषाला म्हणाला, "बोलतेय ना ती."

हे वाक्य मी पिशवीतून ऐकलं. च्युइंगम, घाम, वेफर्सचं तेल, सगळं परवडलं असं वाटलं.

मनिषाने सॅक ओढली, चेन उघडली, पिशवी फाडली आणि मला बाहेर काढलं. कल्पेशने झडप घातली ती नेमकी टॅगवर. ती मला रीमाकडे ओढते, हा टॅग मुठीत धरून मागे ओढतो, आणि वर विजा. माणसं काय काय हातात धरून बसतात.

"सोडा."

"टॅग तुटंल, मने."

मनिषा वाकली. त्याच्या मुठीतून डोकावणारा टॅग तिने दातांत धरला आणि मान अशी झटकली की प्लॅस्टिकचा दोरा तटकन तुटला. पुठ्ठा थुंकून तिने मला रीमाच्या अंगावर चढवलं, टोपी ओढली, चेन गळ्यापर्यंत लावली आणि तिला बाहेरून मिठी मारून बसली.

आणि मी भिजलो. पहिल्यांदा. पाऊस माझ्यावर आदळत होता आणि आत एक थेंब जात नव्हता. आत ती पोर कुडकुडत होती, मग कमी कुडकुडली. शिट्टी बारीक होत होत एकदाची थांबली. ती शिवणारी बाई खोटं बोलली नव्हती. चिखलात हात घालून कल्पेश टॅग शोधत होता.

वाटलं असेल, संपली गोष्ट. नाही. घरी आल्यावर त्याने मला धुतलं, पंख्याखाली वाळवलं आणि चिखलात सापडलेला टॅग गोंदाने चिकटवला. सोमवारी वस्तू परत न्यायला गोदामाचा पोरगा बुधा आला. तो दुगाडकडचा. आल्या आल्या त्याने विचारलं, "घातलेला न्हाय ना?"

"एकदापण न्हाय," कल्पेश म्हणाला.

बुधाने टॅग उजेडात धरला. पुठ्ठ्यावर वर चार, खाली चार खळगे उमटले होते. "ह्यो कोनी चावला?"

कल्पेशने क्षणभर इकडेतिकडे बघितलं. "कुत्र्यानं."

मनिषा दारातच उभी होती. ती पुढे आली. "कुत्र्यानं न्हाय, कुत्रीनं," ती म्हणाली. "घरातलीच हाय. अजून चावंल."

बुधा मोबाइलमध्ये तोंड घालून हसला. इतक्यात आतून रीमा आली. तिने बुधाच्या हातातून मला घेतलं आणि बाहेर ऊन असताना अंगात घालून चेन वर ओढली. "घातलाय ह्यो," ती म्हणाली. "माजा हाय." कल्पेश चपला घालून मागच्या दाराने निघून गेला.

मित्रांनो, आता माझा खिसा उसवला आहे. कोपरावर ठिगळ आहे. रीमा मला पावसात नेते, वाळत घालते, पुन्हा नेते. टॅग मनिषाने फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवला आहे. कल्पेश पाणी प्यायला येतो तेव्हा त्या आठ खुणा बघून पाणी पितो.

तुम्ही शहाणे आहात, म्हणून एवढंच मागतो. घातलेली वस्तू 'घातली नाही' म्हणून परत पाठवू नका. तुमचं काहीतरी खिशात उरतंच, आणि ते दुसऱ्याच्या हाताला लागतं. आणि मला जपायचं असेल तर भिजवा. कोरडं ठेवायचं ते माणसाला.