वरचे आर्म आणि हिची झोप

“यातला वाजतो कोणता?” मी विचारलं.

काउंटरवरच्या ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. गाड्यांच्या सुट्या भागांचं हे दुकान त्या एकहाती चालवतात. मजबूत कोणता, टिकाऊ कोणता, हे त्यांना रोज कोणी ना कोणी विचारत असणार. आवाजाची चौकशी करणारा मी पहिलाच असेन.

“वाजतो म्हणजे?”

“म्हणजे दगडगोट्यांवरून जाताना कुरकुरतो, खडखडतो तो कोणता?”

काउंटरवर दोन जोड मांडले होते. पुढच्या चाकाला वरच्या बाजूने धरून ठेवणारा दोन फाट्यांचा लोखंडी हात असतो, त्याला गॅरेजच्या भाषेत वरचा आर्म म्हणतात. त्याचे दोन फाटे गाडीच्या सांगाड्याला आणि टोक चाकाला. आमच्या मिस्त्रींनी माझा पिकअप ट्रक अडीच इंच उचलून दिला होता. गाडी उंच झाली, आर्म मात्र मूळचेच राहिले. ओट्यावर उभं राहून खालची बादली उचलायला गेलं की खांदा ताणतो, तसा त्यांचा सांधा कायमचा ताणून बसला. स्टिअरिंग सरळ राहीना आणि प्रत्येक खड्ड्याला ‘ठक्’ व्हायला लागलं. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सांधा पार टोकाला गेलाय. उचललेल्या गाडीसाठी वेगळे आर्म मिळतात, ते आणा. उगाच जीव टांगणीला नको.”

ट्रक काही मी हौसेने उचलला नव्हता. माझा धंदा पंपदुरुस्तीचा. विहिरींवरचे, बागांतले, कारखान्यांतले पंप दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, आणि त्यासाठी होता तो ट्रक पुरेसा होता. पण नदीवरचा पूल धोक्याचा ठरून बंद झाला आणि शहराकडे जायची वाट पात्रातून, गोट्यांवरून जाऊ लागली. आमच्या हिला एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. “माझी मूत्रपिंडं संपावर गेलीत,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगते. पात्रात पाणी जरा वाढलं म्हणून हॉस्पिटलची फेरी चुकवता येत नाही. गाडी उंच केली त्या दिवसापासून एकही फेरी चुकली नाही, आणि त्याबद्दल मिस्त्रींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

फक्त ते ‘ठक्’ तेवढं जिवावर आलं होतं. हिला रात्री झोप नाही. पाय तळमळतात, अंगाला खाज सुटते, ती घरभर येरझाऱ्या घालते. मशीनवरून उठली की मात्र अंगातलं त्राण जातं आणि परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून घेते. डायलिसिसच्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तेवढीच झोप मिळते ना त्यांना? मग ती मोडू देऊ नका.” आणि मी दर वेळी पात्रात उतरलो की ती मोडत होतो. ठकठक सुरू झाली की हिचे डोळे उघडायचे.

“मोडली ना झोप?”

“लागला होता की चांगला डोळा. तुम्ही रस्ता बघा.”

हे सगळं मी ताईंना काउंटरवरच सांगून टाकलं. माझ्या मागे, आम्ही ज्याला चिखल्या म्हणतो तो उभा होता. हा एरवी बँकेत टाय लावून बसणारा सज्जन माणूस, पण रविवारी आपला ट्रक मुद्दाम चिखलात रुतवतो आणि दिवसभर बाहेर काढत बसतो. त्याच्या गाडीवर शिडी, फावडी, दिवे, काय काय लादलेलं असतं. नाकापेक्षा मोती जड.

“काका, डोळे झाकून हा घ्या,” तो डावीकडच्या जोडावर बोट ठेवून म्हणाला. “याचा सांधा उघडा गोळ्याचा आहे. चाक कितीही लोंबू दे, अडकणार नाही. माझ्या गाडीला हाच आहे.”

“आणि वाजतो?”

चिखल्या जरा घुटमळला. “आत माती गेली की करकरतो. मग धुवायचा, ग्रीस भरायचं. मला तर तो आवाज आवडतो.”

“तुमची बायको बसते का शेजारी?”

“एकदाच बसली होती,” तो म्हणाला.

ताई हसल्या. त्यांनी उजवीकडचा जोड पुढे सरकवला. याचा सांधा बंद, वर रबराची टोपी, आणि सांगाड्याकडच्या बाजूलाही बोल्टभोवती जाड रबराच्या नळ्या, म्हणजे बुश. “हा चाकाला त्याच्याइतकं मोकळं सोडणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण अडीच इंचांना पुरतो. सांध्याचा कोन उचललेल्या गाडीच्या हिशेबानेच दिलाय, स्प्रिंगलाही घासत नाही. आणि रबर बोलत नाही, काका.”

दोन्हींच्या किमतीत म्हणावा तसा फरक नव्हता, म्हणून तो प्रश्नच मिटला. माझा हात उजवीकडच्या जोडावर पडला. चिखल्यानेही मन मोठं करून मान डोलावली. “बरोबर आहे. तुम्हाला डोंगर चढायचा नाही, काकूंना झोपवायचंय,” असं म्हणत दोन्ही आर्म त्यानेच माझ्या गाडीत नेऊन ठेवले.

मिस्त्रींनी ते त्याच दुपारी बसवले. गाडी जॅकवर, चाकं हवेत, जुने आर्म काढले, नवे चढवले, सगळे बोल्ट करकचून आवळले. अलाइनमेंट करून घेतलं, स्टिअरिंग सरळ झालं. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत मी हिला घेऊन निघालो. ‘ठक्’ गेलं होतं, पण गाडी काठीसारखी ताठ झाली होती आणि पुढून कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता.

पंपाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, दुसरं टोक कानाला लावून कुठलं बेअरिंग जातंय ते सांगणारा माणूस मी. “पंपांचं तेवढं ऐकता, माझं ऐकत नाही,” ही हिची जुनी तक्रार. हा आवाज लोखंडाचा नव्हता. पिळलेल्या रबराचा होता. परतताना तसाच गॅरेजला वळलो.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं, गाडीखाली गेले, आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

“मिस्त्री?”

“चूक माझी आहे,” खालून आवाज आला. “जन्मभर जॅकवर बोल्ट आवळत आलो, त्या सवयीने हेही हवेतच आवळले. रबराचा बुश असला की आधी गाडी चाकांवर टेकवायची, वजन घ्यायचं आणि मग कसायचं. नाहीतर लोंबत्या चाकाच्या जागेवर रबर धरून बसतं आणि गाडी खाली आली की पिळलं जातं.” ते बाहेर आले, हात पुसले. “ढिले करतो. गाडीत रोज असतं तेवढं वजन भरा.”

माझी हत्यारांची पेटी मागे होतीच. पाण्याचा कॅन ठेवला. मी चालकाच्या जागी बसलो. ही गॅरेजमधल्या बाकावर टेकून बसली होती, दंडाला पट्टी, चेहरा उतरलेला. मिस्त्री अवघडून तिच्यासमोर उभे राहिले. “वहिनी, तुम्हालाही बसावं लागेल.”

ही उठली, पदर सावरला आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली, “कुठलं वजन धरणार माझं? मशीनच्या आधीचं की नंतरचं?”

डायलिसिसच्या आधी आणि नंतर तिला काट्यावर उभं करतात. जाताना अंगात पाणी साठून ती जड असते, येताना हलकी. तेवढ्याने ट्रकच्या स्प्रिंगला काही कळणार नव्हतं, पण मिस्त्रींनी थट्टा न करता विचार केला.

“नंतरचं,” ते म्हणाले. “झोप येताना लागते ना?”

“मग बरोबर वेळेवर आलेय,” असं म्हणून ही राणीसारखी बसली. मिस्त्री खाली आडवे झाले आणि आमच्या दोघांच्या वजनाखाली एकेक बोल्ट कसत गेले. प्रत्येक बोल्टला “हलू नका हं” म्हणायचे, आणि ही श्वास रोखून बसायची. दोन माणसांच्या बसण्याच्या बेताने एक माणूस जमिनीवर पाठ टेकून बोल्ट आवळत होता. याहून जास्त आणखी काय मागायचं असतं, मला ठाऊक नाही.

अलाइनमेंट पुन्हा पाहून आम्ही निघालो. ऊन उतरलं होतं. तिने डोळे मिटले, मान खिडकीकडे कलली. पात्र आलं. मी पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. चाकं गोट्यांवर चढत होती, उतरत होती, पाणी पायरीला लागत होतं, आणि गाडी गप्प होती.

पाण्याच्या मधोमध एक आवाज आला. मी ब्रेकवर पाय ठेवला. बारीक घरघर, मध्ये खंड, मग पुन्हा. कान दिला. तो गाडीचा नव्हता. ही घोरत होती.

लग्न झाल्यापासून ती घोरते. झोप लागली आणि घोरली नाही असं कधी झालेलं नाही. ती ते मान्य करत नाही, तो भाग वेगळा. आणि या वाटेवर तिचं घोरणं मी आजवर एकदाही ऐकलं नव्हतं. इतक्या फेऱ्या ती नुसती डोळे मिटून बसत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. ‘लागला होता की चांगला डोळा’ म्हणत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि समोरचा काठ दिसेना, म्हणून बाहीने डोळे पुसले आणि गाडी वर काढली.

घराचं फाटक दिसू लागलं. शेजारीण अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, तिने हात केला. मी ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी तशीच पुढे नेली. शेजारीण कपडे हातात घेऊन बघत राहिली. पुढे रस्ता बराच सरळ जातो, खड्डेही कमी आहेत.

बऱ्याच वेळाने ही किंचित हलली. डोळे न उघडताच तिने विचारलं, “आलं का घर?”

“नाही अजून,” मी म्हणालो.

ती पुन्हा घोरायला लागली. घर केव्हाच मागे पडलं होतं.