काळी खुडूक आहे

पेंटरने अर्ज टेबलावर सरकवला आणि नगरपालिकेच्या अधिकारी बाईंना हसूच आलं. पांढऱ्या कागदावर दुकानाच्या पाटीसारखी ठसठशीत, सावली दिलेली अक्षरं: ‘चार कोंबड्या परसात ठेवू देण्याबाबत.’

“एवढी नक्षी कशाला हो?”

“हात वळणावरच जातो, बाई. तीस वर्षं पाट्या रंगवतोय. तुमच्या दारावरची ‘विचारून आत या’ माझीच.”

“आणि विचारलं नाहीतच.”

पेंटर ओशाळला, पण त्याला धीरही आला. हसणारं माणूस ऐकून घेतं. तक्रार करणारे शेजारचे कंपाउंडर मात्र भिंतीला टेकून सारखं घड्याळ बघत होते.

घरून निघताना बायको दारापर्यंत आली होती. “जास्त बोलू नका,” एवढंच म्हणाली. मुलगी गेल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून तिने नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आधी तर ती अंथरुणात तोंड भिंतीकडे करून पडलेली असायची. पोरीने हौसेने आणलेल्या कोंबड्या ओरडायला लागल्या म्हणून एक दिवस उठली, आणि आता त्यांतल्या काळीपाशी तासन्‌तास बसायची, तिच्याशी काहीबाही बोलायची. काळी गेली तर ही पुन्हा भिंतीकडे वळणार.

“बोला,” बाई म्हणाल्या.

असं म्हटल्यावर तो कसला थांबतोय! कोंबडा नाही म्हणजे पहाटेची बांग नाही. घरातलं उष्टंखरकटं त्या फस्त करतात, म्हणजे कचऱ्याचा डबा अर्धा रिकामा. शिटाचं खत होतं. आणि वासाचंच म्हणाल, तर कंपाउंडरसाहेबांचा कुत्रा आमच्या फाटकाशी काय करून जातो, ते एकदा येऊन बघा.

“बरं बरं,” बाईंनी पेन उचललं. “चारपर्यंत चालतात. फक्त अंडी देणाऱ्या हव्यात, असा नियम आहे. चारही देतात ना?”

हो म्हणायचं, की काम झालं.

“तीन देतात. काळी खुडूक आहे.”

“खुडूक म्हणजे?”

“नुसती बसून राहते, बाई. खाली अंडं नसलं तरी. उचलून बाहेर ठेवा, परत जाऊन तिथेच. खायचं भान नाही, प्यायचं भान नाही. आपण जवळ गेलो की अंग चोरते. किती दिवस झाले... काही केल्या उठतच नाही हो.”

त्याचा आवाज फाटला. बाईंचं पेन थांबलं.

“म्हणजे अंडी देत नाही,” कंपाउंडर पुढे झाले. “लिहून घ्या.”

“अहो, कशाला सांगितलंत?” बाई पुटपुटल्या, आणि त्यांनी चारावर काट मारून तीन केले. काळी संध्याकाळपर्यंत हलवायची होती.

घरी आला तेव्हा बायको परसात काळीला मांडीवर घेऊन बसली होती.

“किती?”

“तीन.”

“हिला नाही?”

“खुडूक आहे, हे माझ्याच तोंडून गेलं.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“एकवीस दिवस बसते, मग उठते आणि परत अंडी घालते. पोरगी सांगायची. ते सांगितलंत?”

पेंटरने आठवून पाहिलं. खरकट्याचं बोलला होता, खताचं बोलला होता, अगदी कुत्र्याचंही बोलला होता. एवढंच तेवढं राहिलं होतं. विसरला म्हणावं, तर तसंही नव्हतं. उठेल, असं त्याला तिथे एकदाही वाटलं नव्हतं.

बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं.

“उद्या जाऊन सांगतो ना,” तो घाईने म्हणाला.

“नको.”

तिने काळीला टोपलीत ठेवलं, वर त्याचं रंगाचं फडकं बांधलं आणि ती आत गेली. खाट करकरली. बाकीच्या तिघी दाण्यांसाठी दाराशी येऊन थांबल्या. पेंटर टोपलीपाशी बसला, तो तिथेच बसून राहिला.