भ्रम नव्हे, श्रम : एका स्कॅनरची तक्रार

मित्रांनो, आधी तो चहाचा कप माझ्या पाठीवरून उचला, मग बोलतो. मी एक जुना स्कॅनर आहे, स्टूल नव्हे. पण सांगणार कसे? मला तोंड नाही. एक काच, तिच्याखाली सरकणारा दिवा आणि वर झाकण, एवढाच माझा संसार.

माझे उमेदीचे दिवस चाकणच्या एका कारखान्यात गेले. तिथे मी यंत्रांच्या सुट्या भागांची जुनी रेखाचित्रे कॉम्प्युटरवर उतरवत असे. जयमालाबाई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत. "याच्यातून बारीक रेघसुद्धा सुटत नाही," असे त्या साहेबांना अभिमानाने सांगत. पुढे नवे यंत्र आले आणि मला भंगारात काढायचे ठरले. तिथेच काम करणाऱ्या जयदीपने साहेबांना विचारून मला चिखलीतल्या आपल्या घरी आणले.

त्याची बायको स्वरूपा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. मराठीतले जुने विचारवंत कोणत्या काळात कशाचा विचार करत होते, हे तिला शोधायचे होते. त्यासाठी जुन्या मासिकांची ढीगभर पाने मी टिपायची, प्रोग्रॅमने त्यांतली अक्षरे ओळखायची आणि कॉम्प्युटरने शब्द मोजून आलेख काढायचा. एका माणसाला जन्मभर वाचूनही दिसणार नाही, ते असे दिसू शकते. मला ही कल्पना मनापासून आवडली. वाटले, पुन्हा चांगले दिवस आले.

कसले चांगले दिवस! घराशेजारी ग्राइंडिंगचे वर्कशॉप. खिडकी सदा उघडी. तिथली बारीक धूळ आणि तेलकट धूर माझ्या काचेवर बसत गेला. मला सगळे धूसर दिसू लागले. झाकण वाजवले, दिवा अडखळवला, पण कुणी फडके हातात घेईल तर शपथ! "मशीन जुनं झालंय," म्हणून माझ्याच पाठीवर थाप मारून मोकळे!

अशा अवस्थेत तळेगावच्या इंदुताईंनी आपल्या आजोबांच्या मासिकाचे अंक स्वरूपाकडे विश्वासाने दिले. त्यांचे आजोबा चिमाजी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि स्वतःचे छोटेसे वैचारिक मासिक काढायचे. आज त्यांचे नावही कुणाला ठाऊक नाही. जुनी छपाई, पसरलेली शाई आणि त्यात माझी मळकी काच.

"अक्षरं पुसट येतायत रे," स्वरूपा एकदा म्हणाली.

"राहू दे गं," नुकताच शिफ्टवरून आलेला जयदीप म्हणाला. "प्रोग्रॅम घेतो समजून."

प्रोग्रॅमने घेतले, पण भलतेच. जयदीपने त्याला तत्त्वज्ञानाचा शब्दकोश जोडून दिला होता. अक्षर नीट दिसले नाही की तो त्या कोशातला जवळचा शब्द उचलायचा. कोशात 'भ्रम' होता, 'श्रम' नव्हता. काम करणे हाही विचाराचा विषय असतो, हे कोश करणाऱ्यांच्या मनातच आले नसावे. मग काय, एकेका 'श्रमा'चा 'भ्रम' होत गेला.

आलेख आकाशाला भिडला. स्वरूपा हरखून गेली. जगाला भ्रम मानणारा एक अज्ञात विचारवंत तळेगावात होऊन गेला, असा निबंध तिने लिहिला. परिसंवादासाठी तो निवडलाही गेला. तिने आनंदाने इंदुताईंना फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या.

"माझा आजा जगाला भ्रम म्हनायचा, आसं लिवलंस व्हय गं तू?"

"मी नाही म्हणत, ताई, आकडेच म्हणतात. हा आलेख बघा ना."

"त्यातलं मला काय बी कळत न्हाई. पर आज्याची बोटं कायम शाईनं काळी आसायची. त्यो कशापायी म्हनंल, की ह्ये समदं खोटं हाय?"

"माणूस जगतो एक आणि लिहितो दुसरंच, ताई."

"मंग वाचून दाव की. अंक तुझ्याम्होरंच हायेत."

स्वरूपाचा चेहरा उतरला. तिने एकेक पान आपल्या हाताने माझ्या काचेवर ठेवले होते. वाचले मात्र एकही नव्हते. तिने वरचाच अंक उघडला आणि मोठ्याने वाचू लागली, "श्रमात माणूस स्वतःला ओळखतो. ज्या विचाराला हात लागलेले नाहीत, तो विचार अर्धाच..." ती थबकली. पुढचे पान उलटले, मग त्याच्या पुढचे. सगळीकडे श्रम. तिने कॉम्प्युटरवर तेच वाक्य काढले. तिथे होते, 'भ्रमात माणूस स्वतःला ओळखतो.'

संध्याकाळी जयदीप म्हणाला, "पण प्रोग्रॅम नव्वद टक्के बरोबर असतो, राव!"

"आणि उरलेल्या दहात इंदुताईंचे आजोबा गेले, जयदीप!"

इतके चिडलेले मी तिला कधी पाहिले नव्हते. खरे सांगू? मला बरे वाटले. निदान कुणीतरी चिडले!

मग मात्र काच पुसली गेली, कोशात शब्द वाढले आणि चिमाजींचेच नव्हे, तर बाकीच्या मासिकांचेही सगळे अंक पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी स्वरूपा चिमाजींचा प्रत्येक अंक आधी वाचत होती. परिसंवाद तोंडावर आला होता. गप्प राहिली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिने चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही आलेख मांडले. परत आल्यावर ती जयदीपला सारे सांगत होती, तेव्हा मी ऐकले. काही लोक हसले. एका प्राध्यापकांनी विचारले, "मग हवीत कशाला ही यंत्रं?" ती म्हणाली, "त्या काळातल्या बाकीच्या मासिकांत 'श्रम' हा शब्द शोधूनही सापडत नाही. चिमाजी त्यांच्यात किती एकटे होते, हे मोजल्यामुळेच कळलं. पण ते काय म्हणत होते, हे वाचल्यावर."

पहिल्या रांगेत बसलेल्या इंदुताईंनी तेवढेच विचारले म्हणे, "आता बरूबर मोजलंस न्हवं?"

मित्रांनो, हल्ली माझी काच आठवड्यातून एकदा पुसतात, तीही आठवण झाली तर! माझे एक वेळ सोडा. पण कुणी आयुष्य घालून लिहिलेली पाने मोजायला घ्याल, तेव्हा त्यांतली थोडी तरी आधी स्वतः वाचा. मला वाचता येत नाही, हो. तुम्हाला येते ना?