जास्तीचं बटण

आई शिवणकाम करायची, आणि तिच्या हातून शिवून गेलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत, डाव्या शिवणीवर, एक जास्तीचं बटण असायचं. गिऱ्हाइकानं ते मागितलेलं नसायचं आणि आई त्याचा मोबदलाही घ्यायची नाही. "बाहेर गेल्यावर माणसाचं काही तुटलं, तर त्यानं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" एवढंच म्हणायची आणि दातानं दोरा तोडायची. दोन्ही मुली त्या बटणांसकटच वाढल्या. शाळेचा गणवेश असो की झोपायचा झगा, आत हात गेला की ते गोल, गार बटण बोटाला लागायचंच. थोरली त्यावरून आईला मनसोक्त चिडवायची. धाकटीला मात्र त्याची इतकी सवय झाली होती, की ते आहे हेसुद्धा ती विसरून गेली होती.

धाकटी विद्यापीठात गणित शिकत होती. उंचीनं बेताची, बोलायला त्याहून बेताची. एका दुपारी वाचनालयाकडे जाताना तिला पटांगणात एक टेबल दिसलं, आणि टेबलावर विमानाच्या नाकावर फिरतो तसला एक जुना लाकडी पंखा. मागे गणवेशातली दोन मुलं उभी होती. विद्यापीठातच हवाई दलाची एक तुकडी असते, पदवीचा अभ्यास चालू ठेवून तिथं अधिकारी व्हायचं शिक्षण मिळतं, शनिवारी धावपट्टीवर नेतात, असं ती मुलं सांगत होती. धाकटीचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे होतं. तिनं त्या पंख्यावरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो असा काही वळत गेला होता, की ते वळण कुणीतरी आधी कागदावर मांडलं असणार आणि मग लाकडातून काढलं असणार, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिच्या अंगावर काटा आला. वाचनालय तसंच राहिलं.

धावण्याच्या परीक्षेत ती शेवटून दुसरी आली, लेखी परीक्षेत पहिली. मुलाखतीत तिची जीभ टाळ्याला चिकटली, पण उत्तरं बरोबर आली असावीत, कारण तात्पुरत्या निवडीत तिची वर्णी लागली. मग कुठे तिनं घरी सांगितलं.

आईचे पाय मशीनवर थांबले. "विमान म्हणजे आत बसायचं?"

"चालवायचं, आई. पुढे जाऊन."

"आणि काही झालं तर खाली कोण असतं?"

"खाली जमीन असते," थोरली म्हणाली आणि स्वतःच हसली. आई हसली नाही. ती पुन्हा मशीन चालवू लागली. पण धाकटीला मिळालेला उड्डाणाचा ओव्हरऑल, गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध पोशाख, एवढा मोठा होता, की त्यात आणखी एक धाकटी सहज मावली असती. सकाळी बघते तर तो तिच्या मापाचा होऊन खुंटीला लटकत होता. बाह्या बेताच्या, खांदे जागेवर. आईनं होकार दिला तो असा.

पहिल्या शनिवारी नव्या मुलांना धावपट्टीवर नेलं. आज दिवसभर साहेब त्यांना बघणार होते आणि संध्याकाळी सांगणार होते, की कोण तुकडीत राहणार आणि कोण नाही. साहेब म्हणजे तुकडीचे प्रमुख. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना जास्तच टरकून असत.

विमानांची शेड पाहून धाकटीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जमीन इतकी स्वच्छ, की घरच्या ताटांनी लाजावं. भिंतीवर हत्यारांचा फळा होता आणि फळ्यावर प्रत्येक हत्याराची लाल आकृती रंगवलेली. पाना उचलला की त्याच्या जागी लाल पाना दिसायचा, म्हणजे तो अजून बाहेर आहे हे शेडच्या त्या टोकावरूनही कळायचं. दिवस संपताना फळ्यावर लाल दिसलं, तर कुणी घरी जायचं नाही. आणि मधोमध ती विमानं. दोन माणसांची, बुटकी, पांढरी, पंख पसरून गुमान उभी. जवळ गेल्यावर धाकटीचा आवाज आपोआप खाली आला.

शेडची सत्ता मुख्य मेकॅनिक बाईंच्या हातात होती. तोंडावर सगळे त्यांना 'चीफ' म्हणत आणि पाठीमागे 'मावशी'. त्या दारातच एक ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. "खिसे रिकामे करा. पेन, नाणी, केसातले आकडे, गळ्यातलं, हातातलं. विमानात जाताना अंगावर जे असेल तेच बाहेर आलं पाहिजे. पडलेला आकडासुद्धा माणसाला खाली आणतो." मुलं ट्रे भरत गेली. चीफनी धाकटीला आपादमस्तक न्याहाळलं. "अजून काही?"

"नाही, चीफ," धाकटी म्हणाली. आणि ती खरंच बोलत होती, निदान तिला तसं वाटत होतं.

सकाळभर त्यांच्याकडून एकच सराव करून घेतला. विमानात चढायचं, पट्टे आवळायचे, चीफ ओरडल्या की पट्टे सोडून बाहेर उडी टाकायची. उंच मुलांचे गुडघे अडकत होते. धाकटी मात्र तिसऱ्या खेपेला अशी सुळकन बाहेर आली, की साहेबांनी मान किंचित हलवली. तिचे पाय जमिनीला लागेनात. दुपारी प्रत्येक नव्याला विमानातून एकेक फेरी मिळणार होती.

त्याआधी शिडीची पाळी होती. शिडी म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, नावाप्रमाणेच लांब आणि हडकुळा. त्याला आज एकट्यानं उडून चाचणी द्यायची होती. हवा खराब म्हणून ती चाचणी आठवड्यामागून आठवडे पुढे गेली होती, आणि वैमानिकांच्या निवडीसाठीची नावं आज संध्याकाळी वर जायची होती. आज हुकलं, तर सहा महिने थांबणं आलं. सकाळपासून त्याच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरलं नव्हतं. नव्या मुलांना तो फक्त एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी काही मागायचं असेल तर वारा कमी मागा."

नवी मुलं दोरीपलीकडे रांगेत उभी राहिली. शिडी त्याच विमानात चढला, ज्यात सकाळी सराव झाला होता. धाकटीला उगाचच परीक्षा आपलीच असल्यासारखं वाटलं. लहानपणापासून असं झालं की तिचा हात आपोआप कपड्याच्या आत जायचा. तसाच आताही गेला. डाव्या शिवणीवर बोट फिरलं.

तिथं बटण नव्हतं. एक भोक होतं आणि भोकाच्या कडेला फाटलेले धागे.

धाकटीनं पुन्हा चाचपलं. बटण होतं हे तिला आत्ता आठवलं, आणि आठवलं तेव्हा ते गेलेलं होतं. बसमध्ये पडलं असेल. गवतात पडलं असेल. नाहीतर सराव करताना पट्ट्याच्या कडीत अडकून... चीफनी विचारलं होतं, आणि ती नाही म्हणाली होती. ते बटण ट्रेमध्ये मोजलेलं नव्हतं, कुणाला ठाऊकच नव्हतं. ती गप्प राहिली, तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. बोलली, तर शिडीची चाचणी गेली, सगळ्यांच्या फेऱ्या गेल्या आणि तुकडीतली तिची जागा तर गेलीच गेली. पहिल्याच दिवशी खोटं उत्तर देणारी मुलगी कोण ठेवून घेईल?

पंख्याजवळच्या माणसानं इंजिन सुरू करायची खूण म्हणून हात वर केला.

पहिल्या तासाला साहेबांनी एक गोष्ट सांगितली होती. या मैदानावर 'थांबा' म्हणायला हुद्दा लागत नाही. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. भाषणात माणसं असं बोलतातच, असं तेव्हा धाकटीला वाटलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. शेजारच्या मुलीलाही ऐकू गेलं नाही. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली. "थांबा!"

आणि सगळं थांबलं.

वर गेलेला हात मुठीत मिटला. इंधनाची गाडी होती तिथं उभी राहिली. दुसरं विमान ढकलणारे चौघे ढकलताना थांबले. शिडीनं दोन्ही हात काचेवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. साहेब अर्धं वाक्य तोंडात ठेवून वळले. कोण ओरडलं, तिला काय कळतं, असं कुणीही विचारलं नाही. एवढं मोठं मैदान, एवढी यंत्रं, एवढी मोठाली माणसं, आणि तिच्या एका शब्दावर वाऱ्याशिवाय काही हलत नव्हतं. धाकटीनं समोरची दोरी घट्ट धरली. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती.

चीफ समोर आल्या. "बोल."

"बटण. माझ्या कपड्याच्या आतलं. आई लावते, जास्तीचं. सकाळी मी नाही म्हणाले, मला आठवलंच नाही... आता ते नाहीये."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी नुसतं तिकडे पाहिलं आणि हसू तिथंच विरलं.

"केवढं?" चीफनी विचारलं. धाकटीनं बोटांनी दाखवलं. "घरून निघताना होतं का?"

"नक्की नाही सांगता येणार."

"मग घरी फोन लाव."

धाकटीनं ट्रेमधला आपला फोन घेऊन लावला. चीफनी तो काढून घेतला. पलीकडून आईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "लावलं होतं म्हणजे काय! कपडा मापाचा केला त्याच रात्री माझ्या हातानं लावलंय. आणि बाई, माझं बटण पडत नाही. टाका सुटणं शक्य नाही. नीट बघा तुम्ही."

"बघतो, ताई," चीफ म्हणाल्या आणि फोन परत दिला. मग शेडकडे तोंड करून म्हणाल्या, "विमान आत घ्या. उघडायचंय."

पुढचं सगळं धाकटी डोळे विस्फारून पाहत राहिली. खुर्च्या निघाल्या. खालचे पत्रे निघाले, एकेक स्क्रू वाटीत मोजून पडला. फळ्यावर लालच लाल झालं. बाहेर सगळे खांद्याला खांदा लावून गवतातून वाकून चालत होते, आणि त्या ओळीत साहेबही होते, कडक इस्त्रीच्या पॅंटमध्ये गुडघ्यांवर. एका बटणासाठी! कुणी चिडलं नाही, कुणी घाई केली नाही. तिला कुणी एक वाक्य सुनावलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं.

ऊन कललं तरी बटण सापडेना. चीफ आरसा आणि बॅटरी घेऊन विमानाच्या पोटात बघत होत्या. "तिथं कोपऱ्यात काहीतरी आहे, पण माझा हात पोचत नाही."

"माझा पोचेल," शिडी म्हणाला. त्याची चाचणी केव्हाच बुडाली होती. तो पालथा पडला आणि त्यानं आपला तो काठीसारखा हात खांद्यापर्यंत आत घातला. डोळे मिटून तो चाचपत राहिला. मग हात हळूहळू बाहेर आला, आणि त्याच्या दोन बोटांत बटण होतं.

चीफनी ते उजेडात धरलं. बटणाला ओव्हरऑलच्या कापडाचा तुकडा चिकटलेला होता. "तुझी आई खरं बोलत होती. टाका नाही सुटला, कापड फाटलंय." मग त्यांनी शिडीला जवळ बोलावलं, त्याच्याकडून बटण होतं त्याच जागी ठेवून घेतलं, आणि विमानाचं नाक वर-खाली करणारी दांडी पुढे ढकलली. गेली. मागे ओढली. अर्ध्यात आली आणि टक्क करून अडली. चीफनी जोर लावला. दांडी हलली नाही.

चीफनी दांडी सोडली. शिडी त्या दांडीकडे बघत राहिला, मग विमानाच्या चाकाला टेकून खालीच बसला. शेवटी त्यानं मान वर केली आणि धाकटीला म्हणाला, "ए बटण, पाणी आण ना जरा."

विमान परत जोडलं, फळ्यावरचा लाल रंग एकेक करत झाकला गेला. त्या शेडची एक रीत होती. उघडून जोडलेलं विमान पहिल्यांदा उडेल तेव्हा जोडणाऱ्यानं त्यात बसायचं. साहेब वैमानिकाच्या जागी बसले आणि चीफ शेजारी, जिथं सकाळी धाकटी बसली होती. पंखा फिरला, दिसेनासा झाला. विमान धावपट्टीवरून धडधडत गेलं, धडधड थांबली, आणि चाकांखाली उजेड दिसला. दांडी मागे आली होती. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिला फेरी मिळाली नव्हती, पण आपणच वर उचलले गेलो असं तिला वाटत होतं. माणसं एकमेकांच्या शब्दावर एवढा भरवसा ठेवतात, म्हणून ते लोखंड उडतंय, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

खाली उतरल्यावर साहेबांनी राहणाऱ्यांची नावं सांगितली. धाकटीचं नाव त्यात आलं नाही. सगळे पांगले तेव्हा ते तिच्यापाशी थांबले. "सकाळी चीफना दिलेलं उत्तर चुकीचं होतं."

"हो, सर."

"पुढच्या शनिवारी ओव्हरऑल आतून-बाहेरून तपासून ये. उशीर करू नकोस." आणि ते चालू पडले. अर्थ कळायला धाकटीला बस येईपर्यंत वेळ लागला.

घरी आई दारातच उभी होती. धाकटीनं सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. शेवटी बटण आईच्या तळहातावर ठेवलं. आईनं आधी टाका पाहिला, शाबूत होता. मग दांडीचं ऐकलेलं तिच्या मनात उतरलं आणि ती मशीनच्या स्टुलावर मटकन बसली. "माझ्या हातानं..." ती म्हणाली. धाकटी तिच्या पायाशी बसली.

"मला वाटायचं, तुझ्याजवळ काहीतरी आपलं असावं," आई म्हणाली. "तिथं तुझं काही तुटलं तर कोण आहे?"

"तिथं सगळे थांबतात, आई."

आईनं ओव्हरऑल मागून घेतला.

पुढच्या शनिवारी शेडच्या दारात धाकटीनं सवयीनं आत हात घातला. भोकावर ठिगळ होतं, इतकं सफाईदार की बोटाला मुश्किलीनं कळावं. बाकी नुसतं कापड. जन्मात पहिल्यांदा तिथं काही नव्हतं.

"अजून काही, बटण?" चीफनी ट्रे पुढे करत विचारलं.

"नाही, चीफ," ती म्हणाली आणि विमानाकडे चालू लागली.