झटपटचा डावा हात

"इथे जे नुसतं तोंडाने म्हणाल, ते तिथेही नुसतं तोंडानेच म्हणाल," असं मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि सगळे जिला सुई म्हणायचे त्या नर्सने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

मास्तरीणबाई म्हणजे इमर्जन्सी विभागाच्या जुन्या मुख्य सिस्टर. निवृत्त झाल्यावर रुग्णालयाने त्यांना नर्सना शिकवायला परत बोलावलं होतं. शिकवायचं ते रबराच्या एका बाहुल्यावर. त्याला कमरेखाली काहीच नव्हतं, तरी सगळ्याजणी त्याला मानाने काका म्हणायच्या. काकांचा दम कोंडायचा, हृदय बंद पडायचं, दिवसभरात कितीदा तरी ते दगावायचे, आणि चहा पिऊन मंडळी परत आली की बिचारे मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून दगावायला तयार असायचे.

काकांच्या उशाशी भिंतीवर ऑक्सिजनची कळ होती, खऱ्या वॉर्डात असते तशीच. वॉर्डात कळ फिरवली की काचेच्या नळीतला छोटा गोळा टुणकन वर उडतो, आणि मास्कखालची पिशवी फुगते. प्रशिक्षणाच्या खोलीत मात्र भिंतीमागे नळीच टाकलेली नव्हती. कळ कितीही फिरवा, गोळा आपला तळाशी बसलेला. पण मास्तरीणबाईंचा हट्ट असा, की तरीही ती फिरवायचीच. त्यावरच ते वाक्य त्यांनी ऐकवलं होतं. सुईला मनातून हसू आलं. एवढी वर्षं खऱ्या माणसांना ऑक्सिजन लावून झाल्यावर आता मुक्या कळीशी खेळायचं!

तिला सुई हे नाव उगाच पडलं नव्हतं. जाड्या रुग्णाची असो, तापाने सुकलेल्या मुलाची असो, शीर तिला पहिल्याच फटक्यात सापडायची. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, सुईला बोलवा. मग बाळ झालं, रजा झाली, आणि ती परत आली तेव्हा विभागात सगळे म्हणत होते, झटपटला बोलवा.

झटपट तिच्या बऱ्याच मागून नोकरीला लागलेली. शिडशिडीत, अबोल, डबा खातानासुद्धा घाईत. सुई रजेवर जाताना हीच मुलगी ट्रॉलीतले खण शोधत फिरायची, आणि सुईनेच तिला खणांचा क्रम पाठ करायला लावला होता. आता काकांचा दम कोंडला की झटपट पुढे व्हायची, मास्कचा पट्टा डोक्यामागे आणि "ऑक्सिजन सुरू" हे शब्द एकाच क्षणी यायचे, आणि मास्तरीणबाई स्टॉपवॉच सगळ्यांना वळवून दाखवायच्या. सुईच्या पोटात दुखायचं. हसतमुखाने टाळ्या वाजवताना तर जास्तच.

यात नुसता मान असता तर तिने गिळलाही असता. पण मास्तरीणबाई आता कायमच्या घरी बसणार होत्या, आणि त्यांच्या जागी विभागातलीच एक नर्स प्रशिक्षक म्हणून घेणार होते. प्रशिक्षकाला रात्रपाळी नाही. सुईला ती जागा हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. रात्रपाळीला निघताना बाळ तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपलेलं असायचं, आणि पहिल्या फटक्यात शीर शोधणाऱ्या तिच्या हातांना ते सोडवायला कितीतरी वेळ लागायचा. वॉर्डातून ती दर थोड्या वेळाने घरी फोन करायची, बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघा म्हणायची. सासूबाई अर्धवट झोपेत म्हणायच्या, "अगं, श्वास चालू आहे, माझाही चालू आहे, आता दोघांनाही झोपू दे."

झटपटला मूल नाही, नवरा नाही. तिला दिवसपाळी कशाला हवी, असं सुईने नवऱ्यापाशी एकदा चिडून म्हटलं. नवरा म्हणाला, तिने अर्ज केलाय म्हणजे हवीच असणार. त्यानंतर त्या विषयावर सुई नवऱ्याशी बोलली नाही.

सुई तिला पाण्यात पाहू लागली. काका दगावत असताना ती काकांकडे बघेना, झटपटकडेच बघायची. उभी असायची ती काकांच्या पायांच्या बाजूला, म्हणजे पाय असते तर जिथे असते तिथे, आणि तिथून झटपटची पाठ तेवढी दिसायची. एक दिवस तिला हिशेब लागला. एका हाताने मास्क धरायचा, दुसऱ्याने पट्टा ओढायचा. मग कळ फिरवायला तिसरा हात आणणार कुठून? म्हणजे ही फिरवतच नाही. नुसतं म्हणते. ऑक्सिजन सुरू, की झालं. गोळा तसाही हलत नाही, कुणाला कळणार?

सुईला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी तिने सासूबाईंच्या हातातली भांडी काढून घेऊन स्वतः घासली. पण सांगायचं कुणाला? मास्तरीणबाईंना सांगावं तर त्या म्हणतील, बाळंतपणाहून आलीस आणि चुगल्या करायला लागलीस? त्यापेक्षा सोपा उपाय होता. ती जे करते तेच आपणही करायचं.

पुढच्या खेपेला सुईने मास्क चढवला, "ऑक्सिजन सुरू" म्हटलं आणि सरळ शिरेला हात घातला. स्टॉपवॉच पाहून बाकीच्या जणींनी टेबल वाजवलं. कुणीतरी म्हणालं, आईसाहेब फॉर्मात आल्या. मास्तरीणबाईंनी मात्र घड्याळाकडे बघून मग तिच्याकडे बघितलं.

"कळ फिरवलीस?"

"फिरवली ना," सुई म्हणाली.

त्यांनी वेळ वहीत टिपली. त्यानंतर सुई रोज तसंच करू लागली, आणि रोज तिची वेळ थोडी थोडी झटपटच्या वेळेजवळ येऊ लागली. हातांना सवय होत होती.

निवडीच्या आदल्या दुपारी दोघींची पाळी एकत्र आली. दुपार सुस्त होती. अपघाताचा एक रुग्ण पलीकडच्या खाटेवर होता, त्याच्याशी झटपट आणि एक डॉक्टर झटत होते. तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईच्या कडेवर आत आली. कडेवर घेण्याचं तिचं वय नव्हतं. ओठ निळसर, गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. आईच्या एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती.

सुईला खरं तर आनंदच झाला, आणि त्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता. तिने मुलीला खाटेवर बसवलं, मास्क चढवला, पट्टा डोक्यामागे ओढला, "ऑक्सिजन सुरू" म्हणाली आणि मुलीचा हात हातात घेतला. बारीकशी शीर, सुकलेली. पहिल्याच फटक्यात आत. तिने मान वर केली ती झटपटने बघितलं की नाही हे बघायला.

दुसरे डॉक्टर धावत आले. औषध सांगितलं, सुईने ते चूक नको म्हणून पुन्हा म्हणून दाखवलं, दिलं. डॉक्टर मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत होते.

"चढत का नाहीये? उतरतंय उलट."

सुईने मास्क दाबून बसवला. मुलीने तो दोन्ही हातांनी ओरबाडला. आई म्हणत होती, तिला गुदमरतंय हो, काढा ते. सुई तिला समजावत होती की तसंच वाटतं आधी, ऑक्सिजन आहे तो. मास्कखालची पिशवी चोळामोळा होऊन चिकटून बसली होती, आणि सुई तिच्याकडे बघत होती, आणि तिला ती दिसत नव्हती. तिच्या हातांच्या लेखी ऑक्सिजन सुरू होता. तोंडाने म्हणून झालं होतं.

मग तिच्या खांद्यामागून एक डावा हात आला. भिंतीकडे न बघताच त्या हाताने कळ फिरवली. गोळा टुणकन उडाला, फुस्स आवाज झाला, पिशवी भरली.

"पिशवी भरली, डॉक्टर," झटपट रोजच्या आवाजात म्हणाली. "आता चढेल." आणि डॉक्टरांनी मान वर करायच्या आत ती आपल्या रुग्णाकडे गेलीसुद्धा.

आकडे चढले. मुलीचे ओठ हळूहळू तिच्या रंगाचे झाले. आईने सुईचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. म्हणाली, तुमच्या हातांना देवाने गुण दिलाय. सुईला ते हात सोडवून घेता येईनात. दूध भरून आलं होतं, गणवेश छातीशी ओला होत होता, आणि पलीकडे झटपट खाली मान घालून कुणाची तरी जखम पुसत होती, जसं काही झालंच नाही.

तेच सुईला सहन होईना. आरडाओरडा केला असता तर भांडता आलं असतं. हिने तर वर पदरात उपकार टाकला, आणि उद्या निवड आहे. आज बोलली नाही म्हणजे उद्या बोलणार. योग्य वेळी, योग्य माणसांसमोर.

पाळी संपल्यावर सुई तिला शोधत प्रशिक्षणाच्या खोलीपाशी गेली. दार अर्धं उघडं होतं. आत झटपट एकटीच काकांपाशी उभी होती, आणि दारातून आज ती समोरून दिसत होती. सुई तिथेच थबकली.

झटपटने मास्क उचलला. उजव्या हाताने तो तोंडावर ठेवला, आणि पट्टा त्याच हाताच्या अंगठ्याने मागे सरकवला. डावा हात तोवर भिंतीवर होता. कळ आधीच फिरलेली होती. पट्टा बसता बसताच तिने डोळे वर करून नळीकडे, न हलणाऱ्या गोळ्याकडे नजर टाकली, आणि मगच म्हणाली, "ऑक्सिजन सुरू." कळ बंद केली. पुन्हा मास्क उचलला.

म्हणजे ती रोज फिरवत होती. प्रत्येक वेळी.

लबाडी पकडली असं वाटलं तेव्हा आनंद झाला होता, आता मात्र सुईचा तिळपापड झाला. लबाड असती तर परवडली असती. ती आत शिरली.

"सांगणार असशील तर आधी मला सांग," ती म्हणाली. "माझ्या पाठीमागे नको."

झटपटने मास्क काकांच्या छातीवर ठेवला. "काय सांगू?"

"उगाच साळसूदपणा नको. दुपारचं."

झटपटने भिंतीवरची कळ बंद आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, "मी माझंच अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझं कशाला सांगू?"

आणि तिने सांगितलं. तुटक तुटक, सुईकडे न बघता, काकांचा मास्क सरळ करत करत. सुई रजेवर असतानाची गोष्ट. एक आजोबा आले होते. मास्क लावला, म्हणाली, ऑक्सिजन सुरू. विभागात तेव्हा ती एकटी नर्स होती. पिशवीकडे लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, तसेही ते वाचले नसते. सगळेच म्हणाले, वय झालं होतं, तसेही वाचले नसते. कळ बंद होती हे कुणी बघितलं नव्हतं, तिच्याशिवाय.

"म्हणून मी इथे येते," ती म्हणाली. "म्हणून मला ही जागा हवी आहे. निदान पोरींच्या हातांकडे तरी बघता येईल." आणि मग, "त्या पाळीला खरं तर तू असायचीस माझ्यासोबत. तू रजेवर होतीस. तुझा इतका राग आला होता मला."

सुईला काहीतरी बोलायचं होतं. तिने नुसतं विचारलं, जेवलीस का. झटपट म्हणाली, हो. ते खोटं आहे हे सुईला दिसत होतं. डबा खिडकीत न उघडलेला होता. पण घरी बाळ रडत असणार, छाती दुखत होती, आणि सुई निघून आली.

दुसऱ्या दिवशी काकांवर, स्टॉपवॉच लावून, निवड झाली. सुईने कळ फिरवली, सगळ्यांना दिसेल अशी, गोळ्याकडे बघत थांबली, आणि तेवढ्यात मागे पडली. जागा झटपटला मिळाली. मास्तरीणबाईंनी खोलीची किल्ली तिच्या हातात दिली, तेव्हा सुईने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. टाळी खरी होती. पोटातलं दुखणंही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता सुई रात्रपाळीला जाते. बाळाच्या मुठीतून ओढणी सोडवते. जाताना प्रशिक्षणाच्या खोलीखालून वाट आहे. नव्या मुली केव्हाच्या घरी गेलेल्या असतात, तरी वर दिवा दिसतो, आणि सुईला माहीत असतं की आत कुणीतरी मास्क उचलतंय, ठेवतंय, पुन्हा उचलतंय. वर जावं असं तिला रोज वाटतं. मग त्या किल्लीची आठवण येते, दिवसपाळीची आठवण येते, आणि पाय आपोआप वॉर्डाकडे वळतात. एकदा तर ती जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेली होती.

तिला जमेल तेव्हा जमेल. पण तोवर तिथे कुणी जात नाही, कारण झटपटला कशाची गरज असेल असं कुणालाच वाटत नाही. तुमच्याकडेही असेल अशी एखादी, जिच्या हातांचं सगळे कौतुक करतात आणि जिला पाहून तुमच्या पोटात दुखतं. दुखू दे. पण आज कामावरून निघताना तिच्या खोलीत दिवा दिसला, तर जरा वर जाऊन बघाल का? जेवलीस का एवढंच विचारा. आणि ती हो म्हणाली, तर डबा उघडून बघा.